विंचीचा किल्ला आणि पिंजऱ्यातील पक्षी

इटलीच्या सहलीला जाणारे आपल्याकडील बहुतेक प्रवासी पिसाचा कललेला मनोरा पाहतात, फ्लॉरेन्सच्या चौकात छायाचित्रे काढतात आणि रोमकडे वळतात. पिसा आणि फ्लॉरेन्स यांच्या दरम्यान, हमरस्त्यापासून थोडे बाजूला, मोंताल्बानो या डोंगररांगेच्या उतारावर विंची नावाचे लहानसे गाव आहे. भोवती ऑलिव्हच्या बागा आणि द्राक्षमळे, मधोमध एक मध्ययुगीन किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी दाटीने उभी असलेली जुनी घरे. या गावाचे नाव जगातील प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे, मात्र ते गाव म्हणून नव्हे, तर एका माणसाच्या नावाचा भाग म्हणून. ‘दा विंची’ हे आडनाव नाही. त्याचा अर्थ ‘विंची गावचा’ एवढाच. आपल्याकडे सांगलीचा तो सांगलीकर आणि कोल्हापूरचा तो कोल्हापूरकर, तसाच लिओनार्दो हा विंचीकर.

या विंचीकराच्या स्मरणार्थ गावाने जे संग्रहालय उभारले आहे, त्याची कथा अनेक अंगांनी विचार करायला लावणारी आहे.

किल्ला, ग्रंथालय आणि संग्रहालय

गावातील किल्ला ग्वीदी या सरदार घराण्याचा. लांबट आकार आणि मधून उंच गेलेला बुरूज यांमुळे दुरून तो शिडाच्या जहाजासारखा दिसतो. म्हणून स्थानिक लोक त्याला ‘जहाजाचा किल्ला’ असेही म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी, लिओनार्दोच्या चारशेव्या पुण्यतिथीच्या सुमारास, ही वास्तू गावाच्या नगरपालिकेकडे आली. १९२८ मध्ये गावाने प्रथम ग्रंथालय स्थापन केले. लिओनार्दोच्या सर्व हस्तलिखितांच्या हुबेहूब प्रतिकृती आणि त्याच्याविषयी लिहिले गेलेले ग्रंथ एका ठिकाणी जमवायचे, हा त्यामागील हेतू. संग्रहालय त्यानंतर पंचवीस वर्षांनी उघडले. आधी पुस्तके आणि मग प्रदर्शन, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१९५२ हे लिओनार्दोच्या जन्माचे पाचशेवे वर्ष. त्या निमित्ताने गावात मोठी लगबग झाली आणि १५ एप्रिल १९५३ रोजी, त्याच्या जन्मदिनी, किल्ल्यात संग्रहालयाचे उद्घाटन झाले. रॉबेर्तो ग्वातेल्ली या इटालियन अभियंत्याने लिओनार्दोच्या रेखाटनांवरून आयबीएम या अमेरिकन कंपनीसाठी लाकडी यंत्रे घडवली होती. त्यांपैकी काही यंत्रे कंपनीने विंचीला भेट दिली आणि तोच या संग्रहाचा पाया ठरला. पुढे जागा अपुरी पडू लागली, तेव्हा २००४ मध्ये जवळच्याच उत्सिएल्ली नावाच्या वास्तूत नवी दालने सुरू झाली.

आजोबांच्या वहीतील नोंद

संग्रहालय समजून घेण्यासाठी आधी एका मुलाची कथा समजून घ्यावी लागते. लिओनार्दोचे घराणे पिढीजात नोटरींचे. दस्तऐवज तयार करणे, साक्षीपुरावे नोंदवणे, खरेदीखते लिहिणे हा त्यांचा व्यवसाय. आजोबा अंतोनिओ यांनी स्वतः हा व्यवसाय केला नाही, पण नोंद ठेवण्याची सवय त्यांच्या रक्तात होती. कुटुंबातील जुन्या नोटरी वहीच्या शेवटच्या पानावर ते घरातील जन्म लिहून ठेवीत. ऐंशीच्या घरात असताना त्यांनी त्याच पानावर आणखी एक नोंद केली: आपला मुलगा पिएरो याला पुत्र झाला, दिवस शनिवार, १५ एप्रिल १४५२, वेळ सूर्यास्तानंतर तिसरा तास. कोणत्या धर्मगुरूने बाप्तिस्मा दिला आणि त्या वेळी कोण कोण हजर होते, त्या दहा जणांची नावेही त्यांनी लिहिली.

या नोंदीत एक नाव मात्र नाही, ते आईचे. लिओनार्दोचे आईवडील विवाहित नव्हते. आईचे नाव कातेरिना. ते कळते ते पाच वर्षांनंतरच्या एका कागदावरून. फ्लॉरेन्सच्या राज्यात प्रत्येक कुटुंबाला मालमत्ता आणि घरातील खाणारी तोंडे यांचे करविवरण भरावे लागे. १४५७ च्या विवरणात अंतोनिओंनी पाच वर्षांच्या नातवाचा उल्लेख केला, तो अनौरस असल्याचे लिहिले आणि त्याची आई आता दुसऱ्या एका गृहस्थाची पत्नी असल्याचेही लिहिले. जगातील सर्वांत प्रसिद्ध चित्रकाराच्या आईचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे, ते एका वृद्धाने प्रामाणिकपणे भरलेल्या करविवरणामुळे! ही कातेरिना कोण होती, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. ती गावातीलच गरीब मुलगी होती, असे काही मानतात. ती दूर देशातून आणलेली आणि पुढे मुक्त केलेली गुलाम स्त्री होती, असे मत एका इटालियन प्राध्यापकांनी २०२३ मध्ये मांडले.

अनौरस मुलाला वडिलांचा व्यवसाय बंद होता. नोटरींच्या संघात त्याला प्रवेश नव्हता. लॅटिनचे रीतसर शिक्षणही त्याला मिळाले नाही. वडिलांनी त्याला फ्लॉरेन्समध्ये वेरोक्कियो या कलावंताच्या कार्यशाळेत उमेदवारीला ठेवले. पुढे १५०४ मध्ये वडील मृत्युपत्र न करता वारले आणि त्यांच्या मालमत्तेतून लिओनार्दोला काही मिळाले नाही. त्याच्यावर माया करणारे चुलते फ्रान्चेस्को यांनी आपली जमीन त्याला दिली, तर सावत्र भावांनी त्यावर हरकत घेऊन दावा लावला. ज्याला घराने पुरता आपला मानला नाही, त्याच्याच नावावर आज सारे गाव उभे आहे.

गावापासून सुमारे तीन किलोमीटरवर अंकियानो या वस्तीत एक साधे दगडी घर आहे. परंपरेने ते लिओनार्दोचे जन्मस्थान मानले जाते. आजोबांच्या नोंदीत घराचा उल्लेख नसल्यामुळे हे परंपरेवरच अवलंबून आहे. घर अगदी साधे आहे: जाड भिंती, चूल आणि बाहेर ऑलिव्हची झाडे. गावातून तेथपर्यंत पायवाटेने चालत जाता येते. लिओनार्दोचे तारीख असलेले सर्वांत जुने रेखाटन ५ ऑगस्ट १४७३ चे असून त्यात याच परिसराशी मिळतेजुळते डोंगर आणि दरी आहे. तारीख त्याने स्वतःच्या हाताने, आरशात वाचावी तशा उलट्या लिपीत लिहिली आहे. हे रेखाटन फ्लॉरेन्सच्या उफित्सी कलादालनात असते. २०१९ मध्ये, पाचशेव्या पुण्यतिथीच्या वर्षी, ते काही आठवडे विंचीच्या संग्रहालयात आणले गेले होते.

लाकडी यंत्रांच्या दालनांत

संग्रहालयात ‘मोनालिसा’ नाही. तेथे लिओनार्दोचे एकही मूळ तैलचित्र नाही. येथे आहेत ती यंत्रे, त्याच्या वह्यांतील रेखाटनांवरून नंतरच्या लोकांनी घडवलेली.

नव्या दालनांत बांधकामाची, कापडनिर्मितीची आणि घड्याळांची यंत्रे आहेत. फ्लॉरेन्सच्या प्रमुख चर्चचा भव्य घुमट ब्रुनेलेस्की या स्थापत्यकाराने बांधला. त्यासाठी त्याने बैलांनी ओढायची एक यारी तयार केली होती. आपल्याकडील मोटेवर पाणी वर काढताना बैल उतारावर पुढे जात आणि मोट खाली सोडताना त्यांना मागे मागे यावे लागे. ब्रुनेलेस्कीच्या यारीत बैल एकाच दिशेने फिरत राहत. दंतचक्राची जोडणी बदलली की ओझे वर जाण्याऐवजी खाली येऊ लागे. बैल सोडून पुन्हा जुंपण्याचा वेळ त्यामुळे वाचला. ही यंत्रणा आज कळते ती लिओनार्दोसारख्यांनी तिची रेखाटने करून ठेवल्यामुळे. १४७१ मध्ये त्या घुमटाच्या शिखरावर तांब्याचा प्रचंड गोल बसवला गेला. ते काम त्याच्या गुरूच्या कार्यशाळेचे होते आणि लिओनार्दो त्या वेळी १९ वर्षांचा होता.

कापडाच्या विभागातील चातीचे यंत्र पाहताना चरखा आठवल्यावाचून राहत नाही. साध्या चरख्यावर सूत काढायचे आणि मग थांबून ते गुंडाळायचे, अशी दोन कामे आळीपाळीने होतात. लिओनार्दोच्या रेखाटनात सुताला पीळ देणे आणि ते गुंडाळणे एकाच वेळी होते. शिवाय चाती पुढे-मागे सरकत राहते, त्यामुळे सूत एकाच ठिकाणी न साचता रिळावर सारखे पसरते.

किल्ल्यातील दालनांत त्याच्या कल्पना अधिक धीट होतात. स्प्रिंगच्या ताणावर आपोआप चालणारी गाडी आहे. तिला कित्येक वर्षे ‘मोटारगाडीची पूर्वज’ म्हटले गेले, पण ती बहुधा रंगमंचावरील चमत्कारासाठी होती, असे आता अभ्यासक मानतात. अंतर मोजणारी ढकलगाडी आहे. तिची चाके ठरावीक अंतर गेली की एक खडा पेटीत पडतो. शेवटी खडे मोजायचे आणि अंतराचा हिशेब करायचा. पाण्याखाली श्वास घेण्याची साधने, पंख, तोफा आणि कासवाच्या पाठीसारखे आवरण असलेला युद्धरथ अशी इतर यंत्रेही तेथे दिसतात. या युद्धरथाच्या मूळ रेखाटनात दंतचक्रे अशी जोडली आहेत की पुढची व मागची चाके परस्परविरुद्ध दिशांना फिरतील आणि रथ जागचा हलणार नाही. ही नजरचूक होती की जाणूनबुजून ठेवलेली खोट, यावर तज्ज्ञांत चर्चा चालते.

येथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. जी यंत्रे लिओनार्दोने बहुधा कधी बांधलीच नाहीत, ती ‘त्याची’ म्हणून दाखवणे कितपत योग्य? अनेक कल्पना त्याच्या आधीच्या अभियंत्यांच्या होत्या. त्याने त्या टिपून ठेवल्या आणि सुधारल्या. त्याच्या नावावर खपवली जाणारी सायकल तर नंतर कोणीतरी त्याच्या कागदावर काढली, असे बहुतेक जाणकारांचे मत आहे. विंचीच्या संग्रहालयाचे मोल या ठिकाणी कळते. शेजारीच ग्रंथालय असल्यामुळे यंत्राचा पडताळा मूळ पानाशी घेता येतो. या ग्रंथालयातर्फे १९६० पासून लिओनार्दोवर विद्वानांची वार्षिक व्याख्याने होतात. अभिमान बाळगावा, पण त्याला कागदाचा आधार असावा, हा नोटरी घराण्याला शोभणारा शिरस्ता गावाने पाळला आहे.

वहीत राहिलेली विद्या

लिओनार्दोच्या हातची सुमारे सात हजार पाने आज उपलब्ध आहेत. शरीररचना, पाण्याचे प्रवाह, प्रकाश, पक्ष्यांचे उड्डाण, यंत्रे, शिवाय देणी-घेणी आणि बाजारहाटाच्या याद्या. यांपैकी एकही ग्रंथ त्याने स्वतः छापून प्रसिद्ध केला नाही. छपाईची कला त्याच्या बालपणीच युरोपात आली होती. त्याच्या मित्राने तिचा पुरेपूर उपयोग करून घेतला. हा मित्र म्हणजे गणितज्ञ भिक्षू लुका पाचोली. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे नाव परिचित असते, कारण द्विनोंदी हिशेबपद्धतीचे पहिले छापील विवेचन पाचोलीच्या १४९४ च्या ग्रंथात आहे. लिओनार्दोने तो ग्रंथ विकत घेतला आणि त्यासाठी ११९ सोल्दी दिल्याची नोंदही वहीत करून ठेवली. पुढे मिलानमध्ये दोघे एकत्र राहिले. पाचोलीच्या दुसऱ्या ग्रंथासाठी लिओनार्दोने भौमितिक घनांच्या आकृती काढल्या. १५०९ मध्ये तो ग्रंथ छापला गेला. लिओनार्दोचे काम त्याच्या हयातीत जगासमोर छापून आले, ते असे मित्राच्या पुस्तकातून.

२ मे १५१९ रोजी फ्रान्समध्ये लिओनार्दोचे निधन झाले. वह्या त्याचा निष्ठावंत शिष्य फ्रान्चेस्को मेल्झी याच्याकडे गेल्या. मेल्झीने त्या आयुष्यभर जपल्या. त्याच्या मागे मात्र वारसांना त्यांचे महत्त्व उरले नाही. वह्या वाटल्या गेल्या, विकल्या गेल्या, काहींची पाने कापून दुसऱ्या बाडांत चिकटवली गेली. नेपोलियनने १७९६ मध्ये मिलानमधील वह्या पॅरिसला नेल्या. त्यांतील एकच बाड परत आले. माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील दोन वह्या तर चुकीच्या क्रमांकामुळे हरवल्यासारख्या झाल्या आणि १९६० च्या दशकात पुन्हा सापडल्या. एक वही १९९४ मध्ये ३ कोटी ८ लाख डॉलरला बिल गेट्स यांनी विकत घेतली. पण ज्या शतकांना त्या ज्ञानाचा उपयोग झाला असता, ती शतके केव्हाच सरली होती. हृदयाच्या झडपांविषयी त्याने केलेली निरीक्षणे वैद्यांच्या हाती वेळेवर पडली असती तर काय झाले असते, याचा विचार मनाला चुटपुट लावतो. साठवलेल्या धनापेक्षा न वाटलेली विद्या समाजाला अधिक महाग पडते.

कोचीहून गेलेले पत्र

लिओनार्दोच्या चरित्रातील एक धागा थेट भारताशी जुळतो आणि तो या मासिकाच्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल. १५१६ च्या जानेवारीत आंद्रेआ कोर्साली या फ्लॉरेन्सच्या प्रवाशाने कोचीहून ज्युलियानो दे मेदिची याला एक पत्र लिहिले. ज्युलियानो हा त्या वेळी लिओनार्दोचा आश्रयदाता होता. भारतातील लोकांचे वर्णन करताना कोर्साली लिहितो की, येथे गुजराती म्हणून लोक आहेत; ते रक्त असलेली कोणतीही वस्तू खात नाहीत आणि कोणत्याही सजीवाला इजा होऊ देत नाहीत. हे युरोपातील वाचकाला कसे समजावे? त्यासाठी तो एकच उदाहरण देतो: आपल्या लिओनार्दो दा विंचीप्रमाणे!

ते गुजराती व्यापारी जैन होते की वैष्णव, हा भेद कोर्सालीने केलेला नाही. लिओनार्दोला भारतीय आचारविचारांची माहिती होती, असा कोणताही पुरावा नाही. म्हणून त्याला आपल्या परंपरेत ओढून आणण्याचे कारण नाही. पण पाचशे वर्षांपूर्वी, जीवदया म्हणजे काय हे फ्लॉरेन्सच्या माणसाला सांगण्यासाठी एका प्रवाशाला हेच नाव सुचले, ही गोष्ट लहान नाही. चरित्रकार वासारी यानेही सांगून ठेवले आहे की, बाजारात पक्षी विकायला ठेवलेले दिसले की लिओनार्दो मागितलेली किंमत देई, स्वतःच्या हाताने त्यांना पिंजऱ्याबाहेर काढी आणि आकाशात सोडून देई. पांजरपोळ चालवणाऱ्या, पर्युषणात पक्षी सोडवणाऱ्या समाजाला या वर्णनाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

तरीही चित्राची दुसरी बाजू झाकू नये. याच माणसाने १४८० च्या दशकात मिलानचा सत्ताधीश लुदोव्हिको स्फोर्झा याच्याकडे नोकरी मागताना आपल्या युद्धयंत्रांची लांबलचक यादी दिली आणि चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी केला. १५०२ मध्ये तो चेझारे बोर्जा या क्रूर सेनानीच्या पदरी अभियंता म्हणून राहिला. त्याच्या घरखर्चाच्या याद्यांत मांसाची नोंद आढळते. ते शिष्यांसाठी असावे, असे म्हटले जाते. मज्जारज्जूचे कार्य समजून घेण्यासाठी त्याने बेडकावर प्रयोग केला. दुसरीकडे, युद्ध हे माणसाचे सर्वांत पाशवी वेड आहे, असे त्याचे मत त्याच्याच लेखनात आहे. पाण्याखाली दीर्घकाळ राहण्याची आपली युक्ती तो उघड करीत नाही, कारण दुष्ट माणसे तिचा उपयोग जहाजे बुडवून त्यांतील लोकांना मारण्यासाठी करतील, असे तो स्पष्ट लिहितो.

पोटासाठी स्वीकारलेली चाकरी आणि मनाला पटलेली करुणा यांत ओढाताण झालेला हा माणूस होता. त्याला संत ठरवणेही चूक आणि ढोंगी ठरवणेही चूक. एकाच व्यक्तीकडे अनेक बाजूंनी पाहावे लागते, ही शिकवण ज्यांना बालपणापासून मिळाली आहे, त्यांना हे अवघड वाटू नये.

किल्ल्याच्या माथ्यावर

फ्लॉरेन्सहून विंचीला जायचे तर रेल्वेने एम्पोली या स्थानकापर्यंत जावे आणि तेथून बस घ्यावी. सकाळी निघून किल्ला, नवी दालने, ज्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला असे मानतात ते सांता क्रोचे आणि अंकियानोचे घर, एवढे एका दिवसात निवांत पाहून होते. मुले बरोबर असतील तर त्यांना यंत्रांच्या दालनांत पुरेसा वेळ द्यावा. शाळेतील पुस्तकात कंटाळवाणी वाटणारी कप्पी आणि दंतचक्रे तेथे डोळ्यांसमोर उलगडतात.

दालने संपल्यावर अरुंद जिना किल्ल्याच्या बुरुजावर नेतो. वरून कौलारू छपरे, ऑलिव्हच्या राखाडी-हिरव्या बागा आणि मोंताल्बानोच्या टेकड्या दूरवर दिसतात. लिओनार्दोने १५०५ च्या सुमारास पक्ष्यांच्या उड्डाणावर एक छोटी वही लिहिली. ती आज तुरीन येथे आहे. पक्षी पंख कसे वळवतो, वाऱ्यावर कसा तोलून राहतो, हे त्याने तासन्‌तास पाहून टिपले. माणसाला उडवणारे यंत्र त्याला साधले नाही. खालच्या दालनातले लाकडी पंख तसेच स्थिर आहेत. पण बाजारातून दाम मोजून त्याने जे पक्षी सोडले, ते मात्र खरोखरच उडून गेले.